बांधावरचे लाकूड, हातातली मूठ : कातकामाचे पहिले धडे



पाऊस लागून राहिलेला असतो, तण माजलेले असते, मोठ्या मिनतवारीने बाया मिळालेल्या असतात आणि नेमकी तेव्हाच खुरप्याची मूठ निखळते. मग चिंधी गुंडाळायची, पाचर ठोकायची आणि वेळ मारून न्यायची. संध्याकाळी बाईचा तळहात बघावा तर फोड आलेले! खुरप्याचे पाते चांगले, धार चांगली, पण मूठ धड नाही म्हणून सगळे काम रेंगाळते.

अशी मूठ घरच्या घरी करता येते. लाकूड बहुधा आपल्याच बांधावर असते आणि उन्हाळ्यात थोडा वेळही असतो. राहते ते शिकणे. आपल्या कार्यक्रमात जे सांगितले ते नीट ध्यानात राहावे म्हणून हे पत्रक. वाचून झाले की टाकून देऊ नका, लेथजवळ खुंटीला अडकवून ठेवा.

कातकाम म्हणजे काय?

लाकूड दोन टोकांत धरून गरगर फिरवायचे आणि त्याला पटाशी लावून गोल घाट द्यायचा, याला कातकाम म्हणतात. ते करणारा कातारी. पाळण्याचे खांब, पलंगाचे खूर, लाटणे, भोवरा, देव्हाऱ्याचे कातीव खांब, सगळे याच कामातून निघते. सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि कर्नाटकातल्या चन्नपट्टणची रंगीत खेळणी तुम्ही पाहिली असतील. चन्नपट्टणला फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबतात. घासण्याच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर बसते. पण ती पुढची पायरी. आपण मुठीपासून सुरुवात करू.

सुतारकामात लाकूड स्थिर असते आणि हत्यार चालते. इथे उलटे आहे. लाकूड धावत येते आणि हत्यार स्थिर धरायचे असते. म्हणून चांगल्या सुतारालाही पहिले चार दिवस हे काम अवघड जाते. जोर लावून हे काम होत नाही, हे आधीच मनाशी धरा.

लाकूड कोणते घ्यावे?

हात बसवायला सुबाभूळ चांगली. फार कठीण नाही, फार मऊही नाही. शिवण हलकी, सरळ रेषेची, आणि वाळताना फारशी वेडीवाकडी होत नाही. बाभूळ मुठीला सर्वांत टिकाऊ, पण वाळल्यावर इतकी कठीण होते की नवशिक्याचा हात थकतो. ती दहा-वीस मुठी झाल्यावर घ्या. निलगिरी वाळताना पिळते आणि चिरते, ती टाळा. शिसव दिसायला सुंदर, पण तिच्या बारीक भुशाने काहींच्या अंगाला खाज सुटते, काहींना दम लागतो. कण्हेर विषारी आहे, तिला हातही लावू नका. जुन्या घराचे वासे वापरणार असाल तर आधी खिळे शोधून काढा. फिरत्या लाकडातला एक खिळा पटाशीची धार घालवतो आणि हातही.

मुठीसाठी उभे झाड तोडायची गरजच नाही. वाऱ्याने मोडलेली किंवा छाटलेली जाड फांदी पुरते. झाड तोडायचेच असेल तर आधी वनखात्याकडे चौकशी करा. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याप्रमाणे साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, खैर, चंदन यांसारखी अनुसूचित झाडे स्वतःच्या रानात असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत.

लाकूड वाळवायचे कसे?

ओल्या लाकडाची मूठ कातली तर कातताना मजा वाटते, किसही लांब निघतो. पण महिन्याभरात ती मूठ आक्रसते, गोलाची लंबगोल होते आणि शेंबी गळून पडते. शेंबी म्हणजे मुठीच्या तोंडाशी असलेले धातूचे कडे. म्हणून मुठीला लाकूड वाळलेलेच हवे.

फांदीचे हातभर तुकडे करा आणि कुऱ्हाडीने उभे चिरा. मधला गाभा टाकून द्या, कारण भेगा बहुतेक गाभ्यापासूनच सुरू होतात. दोन्ही टोकांना मेण किंवा उरलेला तेलरंग फासा. लाकडाच्या टोकांतून पाणी फार लवकर उडते आणि टोके तडकतात, ती त्यामुळे वाचतात. मग तुकडे सावलीत, जमिनीपासून उचलून, मध्ये काटक्या घालून रचा. उन्हात टाकू नका.

वाळले हे ओळखायचे कसे? अगदी सोपे. एका तुकड्यावर तारीख आणि वजन लिहा आणि दर आठवड्याला तोच तुकडा त्याच काट्यावर तोला. वजन उतरत असेल तर आत पाणी आहे. लागोपाठ तीन आठवडे वजन तेच राहिले की लाकूड कामाला आले. मात्र ही परीक्षा पावसाळ्यात करू नका. हवेत ओल असली की वाळलेले लाकूडही वजन धरते.

लेथ आणि तिची गती

लेथवर डाव्या बाजूला चार दातांचे टोक असते, तेच लाकडाला फिरवते. उजव्या बाजूला साधे टोक, ते लाकडाला आधार देते. मध्ये पटाशी टेकवायची लोखंडी पट्टी असते. तिला आपण टेकण म्हणू. लेथची उंची अशी ठेवा की फिरणारे लाकूड तुमच्या कोपराच्या पातळीत येईल. बूड जड हवे. हलत असेल तर खाली वाळूची पोती ठेवा.

छोट्या कामाला अर्ध्या अश्वशक्तीची सिंगल फेज मोटार पुरे. विहिरीवरच्या पंपाची मोटार जोडायचा मोह अनेकांना होतो. तो आवरा. पंपाची मोटार बहुधा मिनिटाला २८८० च्या आसपास फेरे घेते. एवढ्या वेगात खडबडीत लाकूड टोकांतून निसटले तर ते गोफणीच्या दगडासारखे येते. मळणीच्या इंजिनावर पट्टा चढवणेही धोक्याचे, कारण पटाशी अडकली तरी इंजिन थांबत नाही.

साध्या मोटारीचे फेरे बहुधा १४४० असतात. मोटारीवरच्या पाटीवर आकडा लिहिलेला असतो, तो पाहा. लेथचे फेरे काढायचा हिशेब असा : मोटारीचे फेरे गुणिले मोटारीच्या पुलीचा व्यास, भागिले लेथच्या पुलीचा व्यास. मोटारीवर अडीच इंची पुली आणि लेथवर ५ इंची पुली असेल तर १४४० × २.५ ÷ ५ = ७२०. दोन्ही पुल्या ३ इंची असतील तर १४४०.

दीड-दोन इंच जाडीचे लाकूड गोल होईपर्यंत ७०० ते ८०० फेऱ्यांवरच ठेवा. गोल झाल्यावर १४४० चालतील. लाकूड जाड तितके फेरे कमी, हा नियम का? १४४० फेऱ्यांवर २ इंची लाकडाचा काठ मिनिटाला साधारण ७५० फूट धावतो, ४ इंचीचा १५०० फूट. फेरे तेच, पण मार दुप्पट वेगाचा.

मोटारीला आणि लेथच्या लोखंडी अंगाला अर्थिंग हवेच. पट्ट्यावर जाळी हवी. बटण असे बसवा की लाकडावर न वाकता डाव्या हाताने बंद करता येईल.

हत्यारे आणि धार

सुरुवातीला तीनच पटाश्या घ्या : चौकोनी लाकूड गोल करायची रुंद गोल पटाशी, सफाईची तिरकी पटाशी आणि खाच पाडायची अरुंद पटाशी. दांडे लांब हवेत, म्हणजे ते कमरेला टेकवून धरता येतात. लोहाराकडून करवून घ्यायच्या तर मोटारीच्या पाट्याचे पोलाद चालते. जुनी कानस घासून पटाशी मात्र करू नका. कानस ठिसूळ असते. लाकडात चावली की काडकन मोडते आणि तुकडा तोंडाकडे उडतो.

गोल पटाशीच्या धारेमागचा उतार सुमारे ४५ अंशांचा, म्हणजे काटकोनाच्या निम्मा ठेवा. सहाणचक्रावर धार लावताना पटाशी वरचेवर पाण्यात बुडवा. साध्या पोलादाची धार निळी पडली म्हणजे तिचे पाणी उतरले. ती धार मग टिकत नाही. शेवटी निसण्यावर चार हात मारा. एका मुठीला दोन-तीन वेळा धार लावावी लागली तर कंटाळू नका. या कामात निम्मा वेळ धारेचाच असतो.

लेथ सुरू करण्यापूर्वी

१) डोळ्यांना चष्मा पुरत नाही. सबंध तोंड झाकणारी पारदर्शक ढाल लावा.
२) उपरणे, मफलर, सैल बाह्या, ओढणी, पदर, काकणे, अंगठी, मनगटाचा गंडादोरा यांपैकी काहीही लेथजवळ नको. केस घट्ट बांधा. गळ्यातले आत घ्या.
३) हातमोजे घालू नका. हात वाचवायला म्हणून घातलेला मोजाच लाकडात गुंडाळतो आणि हाताला ओढतो.
४) भुशासाठी नाकातोंडावर मास्क बांधा. त्याची गाठ मागे आणि टोके खोचलेली असावीत.
५) लेकरांना लांब ठेवा. बटण दाबताना स्वतःही लाकडाच्या समोर उभे राहू नका, बाजूला राहा.

आता मूठ करू

१) पावणेदोन इंच चौकोनी आणि ७ इंच लांब तुकडा घ्या. दोन्ही टोकांवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरक्या रेघा मारा. त्या छेदतात तो मध्य. तिथे खिळ्याने खूण करा.

२) चारही कडा वाकसाने तासून लाकूड अठकोनी करा. पटाशीचे धक्के कमी होतात.

३) चार दातांचे टोक लेथवरून काढून लाकडी मोगरीने लाकडात ठोका. लेथवर असताना ठोकू नका, बेअरिंग खराब होते. मग लाकूड चढवून उजवे टोक आवळा. ते टोक स्वतः फिरणारे नसेल तर त्यावर मेण लावा, नाहीतर लाकूड जळते.

४) टेकण लाकडापासून पाव इंचाहून कमी अंतरावर, लाकडाच्या मध्यापेक्षा किंचित खाली बांधा. लाकूड हाताने एक पूर्ण फेरा फिरवून पाहा. कुठे अडत नाही ना? मगच बटण दाबा. लाकूड बारीक होत जाईल तसे लेथ बंद करून टेकण पुढे सरकवा. चालू लेथवर टेकणाला हात लावू नका.

५) आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. सगळे विसरलात तरी एवढे विसरू नका : आधी टेकण, मग उतार, मग धार. पटाशी प्रथम टेकणावर घट्ट ठेवा. मग धारेमागचा उतार फिरत्या लाकडाला नुसता घासू द्या. या वेळी काही कापले जात नाही, फक्त खसखस आवाज येतो. आता दांडा हळूहळू उचला. धार लाकडाला भेटेल आणि किस निघू लागेल. ज्याने टेकणाआधी धार लाकडाला लावली त्याची पटाशी चावलीच म्हणून समजा. चावली म्हणजे लाकूड तिला खाली ओढते, दांडा वर उसळतो आणि मनगटाला हिसका बसतो. जुने कातारी दोरीने लाकूड फिरवत. ते दोरीबरोबर पुढे-मागे फिरे आणि कातारी ते आपल्याकडे येतानाच कापे. लेथ बदलली तरी आधी टेकण हा नियम सुटलेला नाही.

६) उजव्या टोकाजवळून सुरुवात करा. थोडे थोडे मागे सरकत, दर वेळी टोकाकडे कापा. पाय फाकून उभे राहा, दांडा कमरेशी धरा आणि हाताऐवजी अंग सरकवा. लाकूड पूर्ण गोल झाले की टकटक आवाज थांबतो.

७) शेंबीची जागा करा. जुन्या पाइपचा अर्धा इंच लांब तुकडा शेंबीला चालतो. त्याचे आतले माप कॅलिपरने घेऊन मुठीचे तोंड तेवढे बारीक करा. शेंबी हलक्या ठोक्याने बसावी. हाताने सरकत असेल तर जागा सैल झाली.

८) घाट देताना नेहमी जाडीकडून बारकाईकडे कापा, उतारावरून खाली यावे तसे. चढावर कापायला गेलात तर लाकडाच्या रेषा उपटल्या जातात. मधला फुगवटा जिच्या हातात खुरपे जाणार तिच्या मुठीच्या मापाचा ठेवा. मधले बोट आणि अंगठा एकमेकांना टेकतील इतका. साधारण सव्वा इंच होतो, पण माप हाताचे, पत्रकाचे नाही.

९) काचकागद लावताना टेकण काढून टाका. कागदाचा लहान तुकडा खालच्या बाजूने धरा, बोटाला गुंडाळू नका. कापडाने तर कधीच पुसू नका.

१०) दोन्ही टोकांकडून खाच पाडत आणा. शेवटचे अर्धा इंच लेथ बंद करून करवतीने कापा. शेंबी ठोकून बसवा. खुरप्याचा आत जाणारा दांडा असतो, त्याहून किंचित बारीक भोक सरळ पाडा आणि खुरपे ठोकून बसवा. मूठ अगदी गोल राहिली तर खुरपे हातात फिरते. म्हणून दोन बाजू कानशीने थोड्या चपट्या करा.

काय चुकते ते लाकूडच सांगते

लांब किस पडत असेल तर काम बरोबर. नुसता भुसा पडत असेल तर धार गेली किंवा उतार न टेकवता तुम्ही खरवडताय. मूठ खडबडीत आणि केसाळ दिसते? चढावर कापले आहे किंवा लाकूड ओले आहे. लाकूड थरथरते? उजवे टोक सैल आहे किंवा मध्य चुकला आहे. करपल्याचा वास येतो? उजव्या टोकाला मेण हवे. नेहमीचा आवाज बदलला की आधी बटण बंद करा, विचार मग. बारीक भेगसुद्धा दिसली तर तो तुकडा चुलीत घाला. एका काटकीसाठी डोळा पणाला लावू नका.

तेल आणि आग

मुठीला जवसाचे तेल चांगले. ते सुकते आणि लाकडात मुरून बसते. शेंगदाण्याचे तेल सुकत नाही, चिकट राहते. पातळ हात द्या, उरलेले पुसून काढा आणि मूठ दोन-तीन दिवस वाऱ्यावर ठेवा.

मात्र जवसाच्या तेलाची चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल सुकताना उष्णता सोडते. चिंध्यांच्या ढिगात ती उष्णता कोंडते आणि काडी न लावता चिंधी पेट घेऊ शकते. शेजारी भुसा आणि पलीकडे कडब्याची गंजी असेल तर काय होईल ते सांगायला नको. चिंधी मोकळी पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

पैशाचे बोला

पहिल्याच महिन्यात कर्ज काढून लेथ घेऊ नका. गावात किंवा तालुक्याला कातारी असेल, लेथ असलेला सुतार असेल, त्याच्याकडे उन्हाळ्यात पंधरा दिवस हाताखाली काम करा. आपले लाकूड न्या, त्याच्या देखरेखीखाली मुठी काता. दहा मुठी एकसारख्या मापाच्या निघू लागल्या, त्या घरच्या खुरप्यांना बसवून एक निंदणी टिकल्या, की मग यंत्राचा विचार करा. तोवर विळ्या-खुरप्यांच्या मुठींना गावात मागणी किती, बाजारात तयार मूठ कितीला मिळते, हेही कळेल. तयार मूठ स्वस्त असेल तर तुमची मूठ तिच्याहून जास्त टिकली पाहिजे, नाहीतर धंदा म्हणून ते परवडत नाही.

केंद्र सरकारने २०२३ साली सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार आणि खेळणी करणारे कारागीर यांचा समावेश केला. पण ती योजना आधीपासून हाताने तो व्यवसाय करणाऱ्यांसाठी आहे आणि एका कुटुंबातील एकालाच लाभ देते. त्यामुळे नुसती लेथ घ्यायची म्हणून अर्ज करू नका. आपण बसतो का, हे ग्रामपंचायतीत आधी विचारा.

तर मंडळी, या आठवड्यात एवढेच करा. बांधावर पडलेली सुबाभळीची फांदी उचला, चिरा, टोकांना मेण लावा आणि त्यावर तारीख-वजन लिहून सावलीत ठेवा. तुकडा वाळेपर्यंत कातारी शोधा. आणि पहिली मूठ झाली की ती भिंतीवर लावू नका. जी दिवसभर वाकून तुमचे रान निंदते तिच्या हातात द्या आणि संध्याकाळी तिला विचारा. मूठ कशी झाली ते तीच सांगेल.

राम राम.

आपला,
विस्तार अधिकारी (कृषी)